फड्या निवडुंग : एका आगंतुक वनस्पतीचा इतिहास

(१) विषयाचें प्रयोजन

जुनीं वैद्यकी बाडें व घरगुती औषधांचीं टिपणें चाळणाऱ्या प्रत्येकाच्या दृष्टीस 'निवडुंग' हा शब्द केव्हां ना केव्हां पडलेला असतो. शब्द ओळखीचा असल्यामुळें वाचक तेथें थांबत नाहीं. निवडुंग म्हटला कीं फड्यावर फडा चढलेलें, कांटेरी, लाल बोंडांचें झुडूप डोळ्यांपुढें उभें राहतें, आणि पोथी लिहिणारासही तेंच अभिप्रेत असावें असें आपण गृहीत धरतों. हें गृहीत बहुतेक ठिकाणीं चुकीचें आहे. फड्या निवडुंग मूळचा अमेरिका खंडांतील होय. कोलंबसाच्या पहिल्या सफरीपूर्वीं, म्हणजे इ. स. १४९२ (शके १४१४) पूर्वीं, तो या देशांत असण्याचा संभव नाहीं. तेव्हां ज्या ग्रंथाची रचना त्यापूर्वींची आहे त्यांतील निवडुंग निराळा असला पाहिजे. आणि त्यानंतरच्या ग्रंथांतील निवडुंग कोणता, हें प्रत्येक स्थळीं तपासून ठरविलें पाहिजे.

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नव्हे. दोन वनस्पतींना एकच नांव पडल्यामुळें इतिहासांत जसा घोटाळा होतो, तसाच घोटाळा परक्या वनस्पतींचा बंदोबस्त करूं पाहणारांच्या हातूनही झालेला आहे, व त्याचा पुरता उलगडा होण्यास शंभराहून अधिक वर्षें लोटलीं. आज आपल्या गडकोटांवर घाणेरी, रानमोडी व गाजरगवत यांनीं ठाण मांडलें आहे. दरसाल उत्साही मंडळी कोयते घेऊन तेथें जातात, व पुढल्या पावसाळ्यांत तें रान पूर्ववत् उभें राहतें. अशा वेळीं निवडुंगाची हकीकत साधार सांगितल्यास ती संशोधकांस व गडप्रेमी मंडळींस सारखीच उपयोगीं पडेल, या हेतूनें प्रस्तुत लेख लिहिला आहे.

(२) आगंतुक कोण व आक्रमक कोण

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. परदेशांतून आलेली प्रत्येक वनस्पति उपद्रवी नसते. मिरची, बटाटा, तंबाखू, पेरू, पपई, अननस, काजू व सीताफळ हीं सर्व अमेरिकेचीं अपत्यें आहेत. पण तीं आपल्या घरांत इतकीं मिसळून गेलीं आहेत कीं त्यांचें परकेपण सांगितल्यावांचून कोणास आठवत नाहीं. यांच्या आगमनाचे टप्पे ग्रंथांवरून बरेचसे निश्चित करतां येतात. गार्सिया द ओर्ता यानें गोव्यांत इ. स. १५६३ मध्यें छापलेल्या औषधिसंवादांत काजूचा उल्लेख नाहीं. क्रिस्तोव्हाओ द कोस्ता याच्या इ. स. १५७८ च्या ग्रंथांत कोचीनच्या बागांतील काजू वर्णिलेला आहे. पुढें डच अधिकारी व्हॅन ऱ्हीड यानें सिद्ध केलेल्या 'हॉर्टस मलबारिकस' या बारा भागांच्या ग्रंथांत (इ. स. १६७८ ते १६९३) काजू, पपई, पेरू व अननस मलबारांत रुळलेले दिसतात. या ग्रंथाच्या पहिल्या भागांत रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तिघां कोंकणी ब्राह्मण वैद्यांची इ. स. १६७५ (शके १५९७) ची कोंकणी साक्ष नागरी लिपींत छापलेली आहे. आपल्या लिपीच्या मुद्रणाच्या इतिहासांत तें पृष्ठ महत्त्वाचें आहेच. परंतु वनस्पतींच्या कालनिर्णयासही असा ग्रंथ दप्तरांतील मितीवार कागदाइतका मोलाचा आहे.

या पाहुण्यांहून आक्रमकांची जात निराळी. जी परकी वनस्पति मनुष्याची मदत न घेतां पसरते, रानांत व कुरणांत शिरून तेथील मूळच्या झाडाझुडपांस हटविते, तीस आक्रमक म्हणावें. हें सामर्थ्य तिला कोठून येतें? मायदेशीं प्रत्येक झाडाला खाणारे किडे, रोग व जनावरें असतात. हजारों वर्षांच्या सहवासानें तेथें एक तोल साधलेला असतो. माणूस बी किंवा फांदी जहाजांतून आणतो, पण तिचे वैरी मागेंच राहतात. नव्या भूमींत तिला शत्रु नाहीं, गुरें कांट्यांमुळें किंवा उग्र वासामुळें तोंड लावीत नाहींत, आणि रस्ते, कालवे, तोडलेलीं रानें व पडीक शेतें यांमुळें उघडी जमीन तर तिची वाटच पाहत असते. मग घाणेरीचीं फळें पक्षी दूर नेतात. गाजरगवताच्या एका रोपट्यापासून हजारों बिया सुटतात. आणि निवडुंगाचा तर तुटलेला प्रत्येक फडा जमिनीवर पडतां क्षणींच नवें झाड होण्याची तयारी करतो.

असो. या सामान्य विवेचनानंतर मूळ विषयाकडे वळूं.

(३) पोथींतील निवडुंग

आपल्या प्राचीन वैद्यकांत स्नुही, सुधा, महावृक्ष इत्यादि नांवांनीं सांगितलेली वनस्पति हीच मराठींतील जुना निवडुंग किंवा थोर होय. चरकसंहितेच्या कल्पस्थानांत सुधेवर एक स्वतंत्र अध्याय आहे. तेथें तिचे अल्पकंटक व बहुकंटक असे दोन प्रकार सांगितले असून तिच्या नांवांत 'निस्त्रिंशपत्रक', म्हणजे तरवारीसारख्या पानांची, असेंही एक नांव दिलेलें आहे. तिचें दूध तीव्र रेचक म्हणून वापरावें, असा त्या अध्यायाचा विषय आहे. भगंदर व मूळव्याध यांवरील क्षारसूत्रास देण्याची पुटेंही याच दुधाचीं असतात.

आतां फड्या निवडुंग कापून पाहावा. त्यांतून पाण्यासारखा बुळबुळीत रस येईल, पण पांढरा चीक निघणार नाहीं. त्यास तरवारीसारखीं पानें नाहींत. ज्यांस आपण पानें समजतों ते फडे वस्तुतः खोडाचेच चपटे भाग होत, व खरीं पानें कोंवळ्या फड्यावर बारीक टोंकांसारखीं येऊन लवकर गळून जातात. वनस्पतिशास्त्र्यांनीं या दोहोंस अगदीं भिन्न कुळांत घातलें आहे. थोराचें कूळ एरंडाशीं संबंधित आहे, व तें आपल्या देशांत पुरातन आहे. फड्याचें कूळ जवळ जवळ सर्वच्या सर्व अमेरिकेंतील. त्यांतील झाडांवर लोंबणारी एक बिनकांट्याची जात तेवढी आफ्रिकेंत व सिंहलद्वीपांत आपोआप उगवलेली आढळते. कोरड्या हवेंत पाणी सांठवून जगण्याची गरज दोन्हीं कुळांस सारखीच पडल्यामुळें त्यांचीं रूपें सारखीं झालीं, आणि रूपें सारखीं दिसल्यामुळें आपल्या लोकांनीं नव्या पाहुण्यास जुन्याचेंच नांव देऊन 'फड्या' हें विशेषण पुढें जोडलें. पुढें पाहुणाच इतका माजला कीं विशेषण गळालें व केवळ 'निवडुंग' म्हटलें तरी तोच मनांत येऊं लागला.

यावरून हस्तलिखितें वाचणारास कांहीं साध्या कसोट्या सांगतां येतात. जेथें निवडुंगाचा चीक किंवा दूध सांगितलें असेल, तेथें तो थोर समजावा. जेथें पान शेकून त्याचा रस काढण्यास सांगितला असेल, तेथेंही बहुधा थोरच. मात्र 'पान' या शब्दानें लेखकास फडा अभिप्रेत नाहीं ना, हें संदर्भावरून पाहावें. जेथें लाल बोंडें खाण्याचा किंवा त्यांच्या तांबड्या रसाचा उल्लेख असेल, तेथें फड्या निवडुंग असण्याचा संभव मोठा, आणि मग तो मजकूर सोळाव्या शतकापूर्वींचा असूं शकत नाहीं. सचित्र पोथी असल्यास कांट्यांची ठेवण पाहावी : थोराचे कांटे जोडीजोडीनें येतात, फड्यावर ते एकेका ठिपक्यांतून झुबक्यानें निघतात.

ही पद्धति संशोधकांस नवी नाहीं. भावप्रकाशांतील फिरंगरोग व चोपचिनी यांच्या उल्लेखांवरून तो ग्रंथ पोर्तुगीजांच्या आगमनानंतरचा ठरविला गेला, हें प्रसिद्धच आहे. परंतु उलट दिशेनें जातांना आपण सावध राहत नाहीं. उदाहरणार्थ, चरक व सुश्रुत यांतील 'स्वर्णक्षीरी' म्हणजे पिवळा धोत्रा असें अर्वाचीन निघंटूंत व टीपांत पुष्कळ ठिकाणीं लिहिलेलें आढळतें. पिवळ्या धोत्र्यांतून पिवळा चीक निघतो, एवढ्यावरून तें ठरविलें गेलें. पण पिवळा धोत्रा मेक्सिकोकडील आहे, व लोकांनीं त्यास 'फिरंगी धोत्रा' असेंही नांव देऊन त्याचें कूळ नोंदून ठेवलें आहे. चरकाच्या काळीं तो येथें नव्हता. तसेंच जुन्या ग्रंथांतील कुंभिका म्हणजे पाण्यावर तरंगणारी, कोबीच्या लहान गड्ड्यासारखी दिसणारी निराळी वनस्पति; इंद्रायणी व पंचगंगा यांच्या पात्रांवर आज पसरणारी जांभळ्या फुलांची जलपर्णी दक्षिण अमेरिकेंतून आलेली असून बंगालच्या नद्यानाल्यांत तिनें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हातपाय पसरले. तिच्या उपद्रवामुळें तेथें इ. स. १९३६ मध्यें स्वतंत्र कायदा करावा लागला. अशा स्थळीं मूळ ग्रंथ निर्दोष असतो. दोष असतो तो समासांत नंतरच्या हातानें घातलेल्या अर्थाचा. मूळ संहिता व समासांतील टीप यांचा काळ वेगवेगळा धरणें हें आपलें नित्याचें काम आहे. तेंच वनस्पतींच्या नांवांसही लागू केलें पाहिजे.

(४) किरमिजी रंगाचा लोभ

फड्या निवडुंग या देशांत कसा वाढला, याचा इतिहास एका किड्याच्या इतिहासाशीं जोडलेला आहे. मेक्सिकोंतील लोक फार प्राचीन काळापासून निवडुंगावर एक किडा पाळीत व तो वाळवून त्यापासून गडद तांबडा रंग काढीत. स्पेनच्या राजानें तो देश जिंकल्यावर या रंगाचा व्यापार स्पेनच्या मुठींत गेला. चांदीखालोखाल त्या वसाहतींतून निघणारा तो अत्यंत मूल्यवान् माल होता. इंग्रजांस वस्त्रांच्या व लष्करी पोशाखांच्या रंगासाठीं तो हवा असे, पण तो स्पॅनिश व्यापाऱ्यांकडून घ्यावा लागे.

हा मक्ता मोडावा म्हणून ईस्ट इंडिया कंपनीनें अठराव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानांत किडा पाळण्याचा उद्योग आरंभिला. मद्रासेस डॉ. जेम्स अँडरसन यानें त्यासाठीं निवडुंगाची बागच उभारली. पुढें इ. स. १७९५ (शके १७१७) मध्यें कप्तान नीलसन नांवाच्या एका इंग्रज लष्करी अंमलदारानें ब्राझिलांतील रिओ दि जानेरो बंदरांतून कांहीं फडे किड्यांसह कलकत्त्यास आणले, व तेथून ते ठिकठिकाणीं वांटण्यांत आले. सर्वांची समजूत अशी कीं हाच तो मेक्सिकोचा किडा. पण तो नव्हे. तो त्याच जातकुळींतील, परंतु रानटी व हलक्या प्रतीचा रंग देणारा दुसरा किडा होता. रंगाचा धंदा बसला. मात्र किड्यानें दुसरेंच काम करून दाखविलें : उत्तर व मध्य हिंदुस्थानांत जेथें जेथें त्याच्या आवडीचा निवडुंग माजला होता, तेथें तेथें त्यानें त्याचा रस शोषून फडेच्या फडे वाळवून टाकले.

ज्यास माणसानें पिकासाठीं आणलें तें तणाचें औषध ठरलें, ही गोष्ट पुढें लोकांच्या ध्यानांत आली. इ. स. १८३६ ते १८३८ या वर्षांत तो किडा मुद्दाम दक्षिण हिंदुस्थानांत नेण्यांत आला, व तेथेंही त्यास यश आलें. किड्याच्या साह्यानें तणाचें नियमन करण्याचा जगांतील हा पहिला यशस्वी प्रयत्न म्हणून शास्त्रज्ञ त्याचा उल्लेख करतात. आज त्या विद्येस जैविक नियंत्रण म्हणतात, आणि तिच्या इतिहासाचें पहिलें पान अशा रीतीनें आपल्या देशांत, तेंही एका चुकीच्या ओळखीमुळें, लिहिलें गेलें.

(५) एक नांव, अनेक जाती

तथापि निवडुंग संपला नाहीं. कारण ज्यास सर्वजण 'निवडुंग' म्हणत तो एकच नव्हता. ब्राझीलचा किडा ज्या जातीवर जगे ती ओपन्शिया मोनॅकँथा, त्या काळच्या पुस्तकांतील ओपन्शिया व्हल्गॅरिस. पण दक्षिणेंत ओपन्शिया डिलेनी व ओपन्शिया इलेटिअर या दुसऱ्या जातीही पसरल्या होत्या, आणि त्यांस तो किडा शिवत नसे. एक जात नाहींशी झाली तरी दुसऱ्या जाती गांवकुसाबाहेर, पडीक जमिनींत व ओढ्यांच्या कांठीं वाढतच राहिल्या.

त्यांस वाढविण्यांत माणसाचाही हात होता. कुंपण म्हणून निवडुंगासारखी स्वस्त वस्तु नाहीं : फडा टाकावा, पाणी घालण्याची गरज नाहीं, गुरें आंत शिरत नाहींत. मिठाच्या चोरट्या व्यापारास आळा घालण्यासाठीं सरकारनें उत्तरेपासून मध्यप्रांतापर्यंत जी शेंकडों मैलांची जकातीची कांटेरी रेषा उभी केली होती व जी इ. स. १८७९ मध्यें मोडण्यांत आली, तींतही बाभूळ, करवंद व थोर यांबरोबर हा निवडुंग कांहीं ठिकाणीं लावलेला होता. दुष्काळांत कांटे जाळून त्याचे फडे गुरांस घालण्याचे प्रयोगही झाले. पण सुकाळांत त्याचा उपद्रवच अधिक. तोडावा तर प्रत्येक तुकडा रुजे. जाळावा तर ओला असल्यामुळें पुरता जळत नसे. त्याच्या जाळींत साप व उंदीर राहत, आणि त्याखालची जमीन लागवडीस निरुपयोगी होई.

याचा उपाय इ. स. १९२६ (शके १८४८) मध्यें सांपडला. सिंहलद्वीपांतून डॅक्टिलोपियस ओपन्शिई नांवाचा तिसरा किडा आणण्यांत आला. तो मूळचा उत्तर अमेरिकेचा असून नेमका याच जातींवर जगणारा होता. त्याची मादी बिनपंखी. ती फड्यास तोंड रोवून एके ठिकाणीं बसते व अंगाभोंवतीं पांढऱ्या मेणचट कापसाचें आवरण विणते. पिलें वाऱ्याबरोबर दुसऱ्या झाडावर जातात. तो कापूस बोटानें चिरडल्यास लालभडक डाग पडतो. ज्या रंगासाठीं कंपनीनें एवढा खटाटोप केला त्याचाच तो अंश. पांच-सहा वर्षांत दक्षिण हिंदुस्थानांतील सुमारें ४०,००० हेक्टर जमीन या किड्यानें मोकळी केली. आज फड्या निवडुंग कोठें कोठें दिसतो, व त्यावर बहुधा तो पांढरा कापूसही दिसतो. दोघेही थोडे थोडे शिल्लक आहेत, कारण किडा झाडाचा निर्वंश करीत नाहीं; झाड कमी झालें कीं तोही कमी होतो. नाहींसा झालेला तोल परत आला, एवढाच या उपायाचा अर्थ.

हाच उपाय परदेशांत कसा वागला तें पाहण्याजोगें आहे. ऑस्ट्रेलियांत इ. स. १७८८ मध्यें किरमिजी रंगाच्याच आशेनें निवडुंग नेला गेला, व १९२० च्या सुमारास त्यानें सुमारें ६ कोटि एकर भूमि व्यापिली. तेथील सरकारनें उपाय शोधण्यास धाडलेलें पथक इ. स. १९१२ ते १९१४ च्या दौऱ्यांत हिंदुस्थान व सिंहलद्वीप येथेंही आलें होतें. अखेर अर्जेंटिनांतून आणलेल्या एका पतंगाच्या अळ्यांनीं ती भूमि मोकळी केली, आणि क्वीन्सलंडांतील लोकांनीं त्या पतंगाच्या नांवानें एक सभागृह बांधून कृतज्ञता दाखविली. परंतु तोच पतंग इ. स. १९५७ मध्यें कॅरिबियन बेटांत सोडल्यावर पुढें फ्लॉरिडांत पोंचला, व तेथील मूळच्या, निरुपद्रवी निवडुंगांस त्यानें धोका उत्पन्न केला. दक्षिण हिंदुस्थानांत उपकारक ठरलेला किडा इ. स. २०१४ पासून मोरोक्कोंत फळांसाठीं लावलेल्या निवडुंगाच्या बागा उद्ध्वस्त करीत आला. म्हणजे कोणता जीव शत्रु व कोणता मित्र, हें त्याच्या स्वभावावर नव्हे, तर स्थळ, काळ व शेजारी यांवर ठरतें.

(६) गाजरगवत : दंतकथा व कागद

निवडुंगाच्या कथेंत ओळख चुकली. गाजरगवताच्या कथेंत तारीख चुकली आहे. या गवतास लोक 'काँग्रेस गवत' व 'चटकचांदणी' असेंही म्हणतात. अमेरिकेच्या पी. एल. ४८० या कायद्याखालीं आलेल्या गव्हांतून तें या देशांत शिरलें, ही समजूत इतकी दृढ झाली आहे कीं शाळेंतील मुलेंही ती सांगतात. आतां कागद काय म्हणतात तें पाहूं. तो कायदा अमेरिकेंत इ. स. १९५४ मध्यें झाला, व त्याखालीं भारताशीं पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्यें झाला. परंतु पुण्यांत हें गवत इ. स. १९५५ मध्येंच आढळून त्याची शास्त्रीय नोंद १९५६ मध्यें प्रसिद्ध झाली, आणि १९५१ मध्येंही तें पुण्याच्या उकिरड्यांवर दिसल्याचा उल्लेख आहे. त्याच्याही मागें, कलकत्त्याच्या सरकारी बागेंतील वनस्पतींची जी यादी रॉक्सबर्ग याच्या नांवावर इ. स. १८१४ मध्यें छापली गेली, तींत या वनस्पतीचें नांव आहे.

यावरून धान्याबरोबर बी आलेंच नाहीं असें सिद्ध होत नाहीं. अमेरिकेचा गहूं या करारापूर्वीं १९५१ मध्येंही आला होता, आणि पुढील वर्षांतील धान्याच्या वाहतुकीनें त्याचा प्रसार वाढला असणें अगदीं संभवनीय आहे. परंतु १९५६ च्या करारानें आलेल्या गव्हानें तें प्रथम आणलें, हें विधान तारखांच्या क्रमापुढें टिकत नाहीं. कै. राजवाडे यांनीं अस्सल पत्रांस बखरींहून जें श्रेष्ठ स्थान दिलें, तेंच येथें द्यावें लागतें. वनस्पतिसंग्रहांतील वाळविलेल्या फांदीचा कागद म्हणजे अस्सल पत्रच होय. त्यावर स्थळ, मिति व गोळा करणाराची सही असते. लोकांची समजूत ही बखर : तिच्यांत सत्याचा अंश असतो, पण मिति बहुधा नसते.

मात्र लोकांनीं दिलेलीं नांवें अशा वेळीं दुर्लक्षणीय नव्हेत. केरळांत रानमोडीस 'कम्युनिस्ट पच्च' म्हणतात, आपल्याकडे गाजरगवतास काँग्रेसचें नांव मिळालें. एखादी वनस्पति ज्या काळीं डोळ्यांत भरूं लागली त्या काळच्या नव्या गोष्टीचें नांव तिला चिकटतें. तें नांव तिच्या आगमनाची तारीख सांगत नाहीं. ती उपद्रवी झाली त्या काळाची साक्ष देतें. आगमन व आक्रमण यांत कित्येकदां शंभर वर्षांचें अंतर असतें. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं कलकत्त्याच्या बागेंत शोभेसाठीं आली, इ. स. २०२० मध्यें प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें देशांतील व्याघ्रवनांत तिनें सुमारें १,५४,००० चौरस किलोमीटर क्षेत्र व्यापिलें आहे.

(७) गडांवरील कर्तव्य

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत गडावरील झाडें राखावीं, नवीं लावावीं, व गडाच्या घेऱ्यांतील झाडी प्रयत्नानें वाढवावी, अशी आज्ञा आहे. ती झाडी म्हणजे गडाचें एक संरक्षणच होतें. आज त्याच घेऱ्यांत घाणेरीची भिंत उभी असल्यास ती आज्ञापत्रांतील झाडी नव्हे, हें ओळखलें पाहिजे. आणि ती काढतांना मूळच्या झाडीचा घात होणार नाहीं, हेंही पाहिलें पाहिजे.

घाणेरी वरून छाटल्यास बुंध्यापासून दुप्पट जोमानें फुटते. तिचें मुख्य मूळ जमिनीखालीं तीन-चार बोटें खोल तोडून, झुडूप उपटून उलटें ठेवावें, म्हणजे तें पुन्हां रुजत नाहीं. हें काम फळें धरण्यापूर्वीं व्हावें. त्यानंतर निदान दोन-तीन पावसाळे, विशेषतः ज्या झाडांवर पक्षी बसतात त्यांच्या खालीं, नवीं रोपें वेंचीत राहिलें पाहिजे, व मोकळ्या जागेंत तेथलेंच गवत व झाडें आणावीं. रिकामी जमीन रिकामी राहत नाहीं. आपण भरली नाहीं तर दुसरा आक्रमक भरतो. गाजरगवत फुलावर येण्यापूर्वीं, हातमोजे घालून, मुळासकट उपटावें, कारण त्याच्या स्पर्शानें त्वचेस व परागांनीं श्वासास विकार होतो. त्यावर मेक्सिकोंतील एक भुंगेराही इ. स. १९८४ मध्यें बंगळूरकडे सोडण्यांत आला असून तो पावसाळ्यांत पानें खाऊन बरेंच काम करतो. आग मात्र कोठेंही लावूं नये : तिनें घाणेरी मरत नाहीं, परंतु कोरीव दगड तडकतात. तटाच्या सांध्यांत रुजलेलें मूळ ओढून काढूं नये. त्याबरोबर चिराही निखळतो. संरक्षित स्थळीं पुरातत्त्व खात्याची अनुज्ञा अगोदर घ्यावी.

आणि कोयता चालविण्यापूर्वीं नांव विचारावें. 'निवडुंग काढा' एवढेंच सांगितल्यास फड्याबरोबर तटाखालचा पुरातन थोरही तोडला जाईल. ज्याचें दूध चरकानें वर्णिलें तो आपला जुना रहिवासी पाहुण्याच्या अपराधासाठीं दंडिला जाईल. एक चीक तपासला असतां हा अन्याय टळतो.

शेवटीं संग्राहकांस एक विनंती. आपल्या संग्रहांतील वैद्यकी बाडें, बागांचे हिशेब व कुंपणांचे करार यांत वनस्पतींचीं नांवें येतात, तीं क्षुल्लक म्हणून वगळूं नयेत. नांव जसें असेल तसें, त्याचें वर्णन, मिति व स्थळ यांसह टिपून ठेवावें. आपल्या मतें ती वनस्पति कोणती, हें कंसांत निराळें द्यावें, मूळांत मिसळूं नये. एखादें झाड एखाद्या गांवांत अमुक वर्षीं होतें किंवा नव्हतें, हें सांगणारी एक ओळ आज रानांचा बंदोबस्त करणारास हवी असते, आणि ती बहुधा त्याच्या शास्त्राच्या पुस्तकांत नसून आपल्या रुमालांत बांधलेली असते.